पुस्तिकेतलं न वाचलेलं पान

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, आणि सोलापूरकडून येणारा तिसरा रस्ता कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावमार्गे त्यांना येऊन मिळतो. शहराच्या मुख्य बाजारपेठेचं नावच आग्रा रोड आहे. दक्षिणेला लळिंगचा घाट, पश्चिमेला कोंडाईबारी, उत्तरेला मध्य प्रदेशच्या हद्दीवर बिजासन. घाट चढताना तापलेला ट्रक धुळ्याच्या आसपास थांबणार हे ठरलेलंच होतं, आणि तो थांबला म्हणून पाट्याचं काम करणारे, रेडिएटर डागणारे, डायनामो गुंडाळणारे, टायरवाले असे कारागीर रस्त्याच्या कडेला वसत गेले. जळगावला तेच काम अजिंठा चौफुलीच्या आसपास झालं. खानदेशातल्या मोटारदुरुस्तीचा पाया असा ट्रकांनी घातला. नंतर जीप आल्या, काळी-पिवळी आली, १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि घरोघरी मोटार पोचू लागली. या सगळ्या काळात गाडीमालकाला सल्ला देणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मिस्तरी. ऑइल कधी बदलायचं, उन्हाळ्यात काय करायचं, गाडी तापली तर काय, हे सारं त्यानं सांगायचं आणि मालकानं ऐकायचं. आज त्याच्यासमोर कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि त्याची छापील पुस्तिका उभी आहे. बहुतेक मालकांना वाटतं की आता दोघांतून एकाची निवड करावी लागणार. माझ्या मते हे भांडण मुळातच चुकीचं मांडलं जातं.

पुस्तिका म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच आकडा येतो: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. हा आकडा सर्वसाधारण वापराचा आहे. त्याच पुस्तिकेत पुढे खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक असतं, आणि ते पान फारसं कुणी उघडत नाही. धुळीचे रस्ते, वारंवार छोट्या अंतराचा प्रवास, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं, चढाचे रस्ते, ओझं ओढणं या गोष्टी खडतर वापरात मोडतात. ह्युंदाईच्या पुस्तिकांत तर ३२ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेत शहरी गर्दीतून गाडी चालवणं हेही खडतर वापरात धरलेलं असतं, आणि आठ किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या वारंवार फेऱ्याही. आता जळगावचा विचार करा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या आसपास खेळतो, आणि ३२ अंश तर फेब्रुवारी संपता संपताच ओलांडलेले असतात. महाबळपासून फुले मार्केटपर्यंत जाऊन येणारी गाडी आठ किलोमीटरच्या आत राहते. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या शेतरस्त्यांवर काळ्या मातीची बारीक धूळ असते. म्हणजे कंपनीनं जे अपवाद म्हणून छापलं, तो इथला रोजचा नियम आहे. खानदेशातल्या गाडीमालकानं खडतर वापराचं पान हेच आपलं पान समजावं, आणि मिस्तरीचा प्रत्येक सल्ला एका कसोटीवर घासावा: हा सल्ला इथल्या ऊन-धुळीतून आला आहे, की वीस-तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनातून?

ऑइलवर ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. 'तीन हजाराला ऑइल बदला, पाच हजाराच्या पुढे नेऊ नका' हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळात अगदी योग्य होता. चोक ओढला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळायचं, ऑइल पातळ व्हायचं, आणि त्या वेळच्या ऑइलची ताकदही कमी होती. २०००च्या सुमारास इंधन मोजून फवारणारी इंजेक्शन प्रणाली आली, ऑइल सुधारलं, आणि त्या सल्ल्याचं मूळ कारण गेलं. 'काळं पडलं म्हणजे ऑइल खलास' हेही तितकंच जुनं. चांगल्या ऑइलचं कामच काजळी स्वतःत धरून ठेवायचं आहे, आणि डिझेल गाडीत ते काही शे किलोमीटरांतच काळं होतं. पण गंमत अशी की खडतर वापराचं पान उघडलं तर तिथेही ऑइलचं अंतर बऱ्याचदा निम्म्यावर आलेलं दिसतं. मिस्तरीचा आकडा पुस्तिकेच्या आकड्याला येऊन भिडतो, फक्त कारण बदललेलं असतं. म्हणून हा आकडा सगळ्यांना सारखा लावू नये. जळगावहून दर आठवड्याला नाशिकला जाणाऱ्या गाडीचं इंजिन एका लयीत चालतं, तिला दहा हजार पचतात. दवाखाना, दुकान आणि घर यांतच फिरणारी, दुपारी एसी लावून झाडाखाली अर्धा तास उभी राहणारी गाडी मात्र किलोमीटर कमी दाखवते आणि इंजिनाचे तास जास्त खाते. एका जागी उभं राहून चाललेलं इंजिन मीटरवर उमटतच नाही. ऑइलच्या जाडीबद्दलचा सल्ला मात्र मी सरळ नाकारेन. 'इथं ऊन जास्त, २०डब्ल्यू-४० टाका' असं नव्या गाडीबाबत सांगितलं जातं. पण इंजिनातल्या कूलंटचं तापमान थर्मोस्टॅट साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो, बाहेर धुळ्याची थंडी असो की भुसावळचा मे. नव्या इंजिनातल्या बारीक वाटा पातळ ऑइल गृहीत धरून आखलेल्या असतात. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर आला, आणि त्याला कमी राख सोडणारं ठरावीक दर्जाचं ऑइलच लागतं. तिथे अंदाज चालत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते पाण्यामुळे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. 'कूलंट थंड देशांसाठी, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, साधं पाणी टाका' हा सल्ला खानदेशात अजून ऐकू येतो. त्यात एक खरी गोष्ट आहे हे आधी मान्य करावं: निव्वळ पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणूनच कूलंट जितकं दाट तितकं चांगलं हा समजही चुकीचा, आणि सांगितल्यापेक्षा दाट मिश्रण उलट कमी थंडावा देतं. पण कूलंटचं मोल गोठण्यापासून वाचवण्यापुरतं नाही. पाणी आणि ग्लायकॉल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण साध्या दाबाला १००ऐवजी सुमारे १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणानं धरलेल्या दाबाखाली ही मर्यादा आणखी वर जाते. मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं बसवून औट्रम घाट चढताना हे थोडे अंश फार मोलाचे ठरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. गळती लागली तर कारागीर डाग देऊन ते पुन्हा उभे करायचा, आणि रेडिएटर डागणं हा धुळ्या-जळगावच्या गॅरेजांतला एक मानाचा हुन्नर होता. आजचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिकच्या टाकीचा. त्याला तसा डाग बसत नाही, तो बदलावाच लागतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्याच्या अरुंद नळ्यांत थर धरतात, ॲल्युमिनियम आतून खातात आणि वॉटर पंपाचं सील घालवतात. जुन्या गाडीचं बिडाचं हेड एकदोनदा तापलं तरी तग धरायचं. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅसकेट जातं, आणि कूलंटच्या डब्याचे वाचवलेले काही शे रुपये कित्येक हजारांचं बिल होऊन परत येतात. भरीला अनेक छोट्या गाड्यांतून तापमानाचा काटाच काढून टाकलेला आहे, फक्त लाल दिवा उरला आहे, आणि तो लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वाटेत अडचणीला स्वच्छ पाणी ओतणं यात काही गैर नाही, मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये आणि घरी पोचल्यावर योग्य मिश्रण भरून घ्यावं. ते मिश्रण करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. आणि रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. त्या दोघांमध्ये किडे, पाचोळा, धूळ आणि कपाशीच्या दिवसांत तंतू अडकून बसतात. उन्हाळ्याआधी ती जाळी हलक्या पाण्यानं धुऊन घेणं हा खानदेशी मिस्तरीचा सल्ला पुस्तिकेत ठळक छापावा इतका चांगला आहे.

बॅटरीबाबत तर ऋतूच माणसाला फसवतो. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, सकाळी सेल्फ नुसता कण्हतो, आणि दोष थंडीला दिला जातो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ऑइल घट्ट होतं हे खरं. पण बॅटरीची ताकद गेलेली असते ती आधीच, उन्हाळ्यात. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होत जातं असा ढोबळ नियम आहे. मे महिन्याच्या दुपारी बॉनेटखालची उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असते. पाणी उडतं, आतल्या जाळ्या झिजतात, पण गरम इंजिन सहज सुरू होत असल्यानं काही कळत नाही. थंडी फक्त निकाल जाहीर करते. एकाच वर्षात उन्हाचा आणि थंडीचा असा ताण देणाऱ्या मुलखात बॅटरीची तपासणी पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास करून घ्यावी. वर्षाच्या सर्व्हिसची तारीख मार्चमध्ये येते म्हणून तेव्हाच केलेली तपासणी इथे पुरत नाही.

टायरबाबत एकच गोष्ट निक्षून सांगायला हवी. 'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून कमी भरा' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. हवा कमी असलेला टायर बाजूनं जास्त वाकतो, वाकण्यानं तापतो, आणि तापून फुटतो. केळी भरून सावदा-फैजपूरहून निघालेल्या पिकअपमध्ये ओझंही याच दिशेनं काम करतं. दरवाजाच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवरचा दाब सकाळी थंड टायरला भरायचा, आणि चालताना तो वाढतो हे कंपनीनं आधीच धरलेलं असतं. नायट्रोजनचा आग्रह धरायचं कारण नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायरच्या बाजूला चार अंकी शिक्का असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाही रबरानं म्हातारे होतात, तेव्हा नक्षीबरोबर तो शिक्काही वाचावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या मालकांचा: मिस्तरी आवाजावरून बेअरिंग ओळखतो, पुस्तिका ओळखेल का? नाहीच ओळखणार. स्कॅनरही फक्त कोड सांगतो, कारण सांगत नाही, आणि कारण शोधायला अनुभवी हात आणि कान लागतात. पण दोष ओळखणं आणि वेळापत्रक ठरवणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्यात मिस्तरीला तोड नाही. दुसऱ्यात त्याच्याही सवयी आड येतात. एअर फिल्टर दर भेटीला जोराच्या हवेनं फुंकणं ही त्यातलीच एक. धुळीच्या मुलखात फिल्टरकडे वारंवार पाहावं हे बरोबर, पण कागदी फिल्टरवर जोराचा झोत मारला की त्याचे तंतू सुटतात आणि काळ्या मातीची बारीक धूळ थेट सिलिंडरात जाते. फिल्टर हलक्या हवेनं आतून बाहेर झटकावा, आणि जास्त भरला असेल तर बदलावा. दुसरा आक्षेप खर्चाचा. पिकअप चालवून घर चालवणाऱ्यानं खडतर वापराचं वेळापत्रक कसं परवडवायचं? पण या वेळापत्रकातल्या सगळ्यांत उपयोगी गोष्टी सगळ्यांत स्वस्त आहेत: कूलंट, फिल्टर, टायरची हवा. बिल फुगतं ते इंजिन फ्लश, कोटिंग, डिकार्बनायझिंग अशा वरून सुचवलेल्या कामांनी, आणि ती पुस्तिकेच्या वेळापत्रकात सहसा नसतातच. 'हे कुठल्या पानावर लिहिलंय?' असं नम्रपणे विचारायचा मालकाला पूर्ण हक्क आहे.

तिसरा आक्षेप वॉरंटीचा, आणि त्याची भीती खरी आहे. बाहेरच्या मिस्तरीकडे नेली तर वॉरंटी जाईल, असं सर्रास सांगितलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि सुटे भाग व तपासणीची साधनं स्वतंत्र कारागिरांना उपलब्ध करून द्या, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं बजावलं. कंपन्या त्याविरुद्ध वर गेल्या आणि प्रकरण लांबलं. पण आयोगानं जे तत्त्व मांडलं ते अजिंठा चौफुलीवरच्या गॅरेजाच्याही बाजूचं आहे. त्या तत्त्वाचा फायदा घ्यायचा तर गॅरेजालाही एक सवय लावून घ्यावी लागेल, आणि ती बहुतेक ठिकाणी अजून नाही: लिहून देण्याची. 'सर्व्हिस केली' एवढी एक ओळ असलेलं बिल कुठल्याच वादात उभं राहत नाही. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर टाकलं, कूलंटचा प्रकार, बदललेल्या फिल्टरचा क्रमांक एवढं असलं, तर कंपनीसमोर तो पुरावा होतो, पुढच्या मिस्तरीला गाडीची हकिकत कळते, आणि मालकालाही दिसतं की मागच्या मे महिन्यात रेडिएटरमध्ये कूलंट गेलं होतं की बोअरचं पाणी.