घाटात अडणारी ठिणगी

साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला आमच्या जुन्या पद्मिनीने अंग टाकलं. सपाटीला गाडी छान पळत होती. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला आणि धक्के बसू लागले. घरी परतेपर्यंत आयडलिंगलाही तेच. तीन ठोके नीट, चौथा गायब. गॅरेजमध्ये याला ‘मिसिंग’ म्हणतात: एक सिलिंडर मारत नाही.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले, तर एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटायला हवा. तो मेला की सेकंदाला जवळजवळ सात ठोके हुकतात. स्टिअरिंग थरथरतं ते यामुळे.

चौघांपैकी कामचुकार कोण, हे ओळखायची युक्ती उलटी आहे. एकेकाला मुद्दाम बंद पाडायचं. ज्याला बंद करूनही इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तोच आधीपासून बंद होता! आधी चारही वायरींना चिकटपट्टीवर आकडे घालून घ्या, कारण पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि वायरींची अदलाबदल झाली तर नवीच भानगड उभी राहते. मग इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिला एक जादा प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकवून बसवायचा, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही. आता इंजिन सुरू करून ऐकायचं, पण चालू इंजिनात वायरीला हात लावायचा नाही. तिथे हजारो व्होल्ट खेळत असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नका; न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि तो भाग कायमचा जातो.

पहिली वायर काढली, इंजिन गचके खाऊ लागलं. दुसरीलाही तेच. तिसरी काढली, आवाज तसूभर बदलला नाही. चोर सापडला.

तिसरा प्लग खोलला. टोक पेट्रोलने ओलं. म्हणजे इंधन पोचतंय, पेटत नाही. प्लग पुसून वायरीला लावला, भोकापासून लांब, लोखंडाला टेकवून ठेवला आणि मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं. टक्-टक् निळी ठिणगी! इथेच बहुतेक जण फसतात. प्लग चांगला आहे असं ठरवून कार्ब्युरेटर खोलायला बसतात आणि रविवार वाया जातो.

मी तिसरा प्लग पहिल्या सिलिंडरला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. वायरी होत्या तिथेच ठेवल्या. गाडी सुरू केली. आता तिसरा मारू लागला, पहिला मेला. दोष प्लगबरोबर चालत गेला होता. भिंगाखाली पाहिलं तर पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ. तडा.

मग बाहेर ठिणगी कशी पडली? याचं उत्तर १८८९ साली फ्रिडरिख पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने मोजून ठेवलं आहे. विजेला हवेतून उडी मारायला किती व्होल्ट लागतील, हे दोन टोकांमधलं अंतर आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. दाबलेल्या हवेत रेणू दाटीने असतात. निघालेला इलेक्ट्रॉन पुरेसा वेग घेण्याआधीच कुणावर तरी आदळतो, म्हणून त्याला पळवायला जास्त जोर लावावा लागतो. मोकळ्या हवेत प्लगची ०.६-०.७ मिलिमीटरची फट सहज ओलांडली जाते. सिलिंडरमध्ये तीच फट कित्येक पट अवघड होते आणि वीज तड्याची चोरवाट धरते.

घाटाचं कोडंही यातच सुटतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा जेमतेम येते. चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडर भरतो, दाब वाढतो, आणि अधू प्लग नेमका तिथे हरतो. मग तड्यात काजळी साचत गेली, चोरवाट रुंदावली आणि आयडलिंगलाही ठोके हुकू लागले. म्हणून मेकॅनिकला नुसतं ‘मिसिंग आहे’ सांगू नका, कधी होतं तेही सांगा. त्यात अर्धं निदान असतं.

प्लग बदलूनही दोष तिसऱ्यातच राहिला असता तर वायर आणि डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) झाकण तपासायला हवं होतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, झाकणाच्या आत दमट हवेतलं पाणी जमतं. कोरड्या फडक्याने पुसलं तरी गाडी सुधारते. अंधारात बॉनेट उघडून पाहिलं तर फुटलेल्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

तेही ठीक असेल तर उरतो दाब. कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर मोजायचे. एकच खूप कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी भरले तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फुटलं असण्याची शक्यता मोठी. पुढे हेड उतरवावं लागतं, आणि ते काम मात्र गॅरेजचं.