पहिलटकरणीचे कार्ड

पाळी चुकून दोन महिने झाले. सुनेला कळले आहे. नवऱ्याला थोडे कळले आहे. सासूबाईंना अंदाज आहे. पण घरात कुणी काही बोलत नाही. सून पहाटे उठते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. मध्येच परसात जाऊन ओकते आणि तोंड पुसून पुन्हा चुलीपाशी बसते.

आपल्याकडे रीत आहे. तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर सांगायचे नाही. दृष्ट लागते म्हणतात. त्यातून सून नवी, वय कोवळे. आपल्या तोंडाने सांगायला तिला लाज वाटते. आम्हांला या रीतीशी भांडायचे नाही. गावाला सांगू नका, भावकीला सांगू नका. पण आशाताईला सांगा. कारण पहिली तपासणी व्हायला हवी ती याच तीन महिन्यांत, म्हणजे १२ आठवड्यांच्या आत.

आम्ही वस्तीवर बोलायला गेलो, की एखादी आजीबाई हमखास उठते आणि म्हणते, "आमच्या वेळी कुठं होते दवाखाने? माझी सात बाळंतपणं घरातच झाली."

आम्ही विचारतो, "आजी, सातांपैकी जगली किती?"

आजी जरा गप्प होते. मग म्हणते, "चार."

"आणि तुमच्याबरोबरीच्या बायका? कुणी बाळंतपणात गेली का?"

मग एकेक नाव निघते. कुणाची जाऊ, कुणाची बहीण. ज्या वाचल्या त्या सांगायला उरल्या, ज्या गेल्या त्यांचे कोण सांगणार? डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. बाळ दहा दिवसांत गेले. तेव्हाच त्यांच्या मनाने घेतले, की आपण डॉक्टर व्हायचे. त्या अमेरिकेत शिकल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या काळी असे दुःख घरोघरी होते.

आता दिवस पालटले आहेत. २००५-०६ साली सरकारने देशभर पाहणी केली. तेव्हा १०० बाळंतपणांपैकी ३९ दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८९ झाली. २००१ ते २००३ या काळात आपल्या देशात एक लाख बाळे जन्मली, की त्यापाठी ३०१ आया दगावत. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७ वर आला. ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. गरोदरपणात निदान चार वेळा तपासणी झाली, अशा बाया १०० मागे फक्त ५८ निघाल्या. म्हणजे काय झाले? कळा आल्या की आपण गाडी करतो, धावत दवाखाना गाठतो. पण त्याआधीच्या नऊ महिन्यांत पुष्कळ जणी तिकडे फिरकत नाहीत. तपासले नसेल, तर डॉक्टरला त्या रात्री काहीच ठाऊक नसते. हिचा रक्तगट कोणता? अंगात रक्त किती? बाळ आडवे आहे का? सगळे तेव्हाच शोधायचे. इकडे वेळ तर निघून चाललेला असतो.

तपासणीत करतात तरी काय? नवी सून याच गोष्टीला भ्याते, म्हणून जरा नीट सांगतो. वजन करतात. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघतात. रक्त आणि लघवी तपासतात. पुढच्या महिन्यांत पोटावरून हात फिरवून बाळ कसे आहे ते बघतात, त्याचे ठोके ऐकतात. धनुर्वाताची सुई देतात. हे सारे उपकेंद्रात नर्सबाईच करतात. सरकारी दवाखान्यात याला पैसा पडत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर स्वतः गरोदर बायांना तपासतात.

रक्ताचे जरा जास्त बोलू. तपासणीत रक्ताचा आकडा निघतो. तो गरोदर बाईचा ११ किंवा वर असावा. ७ च्या खाली गेला तर ती धोक्याची खूण. बाळंत होताना प्रत्येक बाईचे रक्त जाते. जिच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला तेवढेही जाणे सोसत नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, निदान सहा महिने घ्यायची. पुष्कळ घरांत या गोळ्या फळीवर तशाच पडलेल्या दिसतात. का? तर म्हणे, गोळीने बाळ काळे होते. बाळाचा रंग आईबापांवर जातो, गोळीवर नाही. शौचाला मात्र काळी होते, त्याला भिऊ नये. मळमळत असेल तर रात्री जेवून घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, चहाने गोळीचा गुण जातो. दुसरी समजूत म्हणजे, जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन अडेल. असे म्हणून पहिलटकरणीला अर्धपोटी ठेवायचे, हे काही खरे नाही.

मुलीचे लग्न १८ च्या आत करणे गुन्हा आहे. तरी कुठे कुठे अशी लग्ने होतात. मग मुलीला दिवस गेले, की घरचे लोक दवाखाना टाळतात. वय विचारतील, पोलिसांना कळवतील, ही भीती. भीती खोटी नाही. दवाखान्याला कळवावे लागते, तसा कायदा आहे. पण अंगाने अजून वाढत असलेल्या मुलीलाच रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त. चूक मोठ्यांनी केली आणि जीव तिने घालवायचा, हे कोणत्या न्यायात बसते? तिला उपचार नाकारता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

पहिली तपासणी झाली, की एक कार्ड मिळते. त्यावर तिचा नंबर असतो. प्रत्येक खेपेला वजन, रक्त, रक्तदाब त्यात लिहितात. आता तुम्हाला वाचता येते. ते कार्ड हातात घ्या आणि रक्ताचा आकडा कोणता, पुढची तारीख कोणती, ते वाचून पाहा.

आणि घोटाळा होतो तो इथेच, बरं का. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली चाल. सातव्या महिन्यात ओटी भरतात आणि मुलगी माहेरी जाते. साडीचोळी जाते, लाडू जातात, कार्ड मात्र सासरी पेटीत राहते. सासरची आशाताई समजते, ती माहेरी गेली. माहेरच्या आशाताईला ती आल्याचे ठाऊकच नसते. तपासणीची सर्वांत जास्त गरज शेवटच्या दोन महिन्यांत असते आणि नेमके तेव्हाच तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचे असेच होते. गाव सुटले की कार्ड सुटते. खरे म्हणजे जिथे जाल तिथल्या दवाखान्यात ते कार्ड चालते. म्हणून ते तिच्याबरोबरच जावे आणि माहेरी पोचल्यावर आईने पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईला गाठावे. मेळघाट, गडचिरोली यांसारख्या डोंगररानाच्या भागात आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' असते. दिवस भरत आले, की बाई तिथे आधीच येऊन राहू शकते.

काही खुणा दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. अंगावरून रक्त जाणे. डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे. तोंडावर, हातांवर सूज. झटके. ताप. कळा नसताना पाणी जाणे. बाळाची हालचाल मंदावणे. यांतले एक जरी दिसले, तरी तडक दवाखाना. "हे शेतावरून येऊ देत, मग बघू," असे म्हणत अर्धा दिवस जातो. सून आपण होऊन बोलत नाही, सासू मुलाची वाट पाहते, मुलगा गाडीच्या पैशाची जुळवाजुळव करतो. म्हणून कुणी न्यायचे, कुणी सोबत जायचे, रक्त लागले तर कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. बाळंतपणासाठी १०२ नंबरवर आणि अडीअडचणीला १०८ नंबरवर फोन केला, की गाडी येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि पोट फाडून बाळ काढावे लागले तर तेही फुकट असते. २०११ सालापासून ही सोय देशभर आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. वरच्या डॉक्टरला सांगा.

बाळ झाले, पेढे वाटले, की लोकांना घरी जायची घाई होते. वार पडल्यानंतर काही वेळा रक्त थांबतच नाही आणि अशी बाई दोन तासांतही दगावू शकते. म्हणून निदान दोन दिवस तिला दवाखान्यातच राहू द्यावे. घरी आल्यावरही आशाताई बघायला येते. बाळंतिणीची खोली आहे, विटाळ आहे, असे म्हणून तिला दारातून परत पाठवू नका.

परवा एका घरी ओटीभरण होते. मुलगी निघायची तयारी चालली होती. सासूबाईंनी पिशवीत खोबरे घातले, डिंकाचे लाडू घातले, वर नवी चोळी ठेवली. मग सुनेला म्हणाल्या, "आन् ते कार्ड कुठाय गं?"

सून म्हणाली, "घेतलंय, आत्याबाई. गोळ्या पण घेतल्यात."