गव्हाचे वावडे : वेळीच ओळखावे

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून गाझियाबादला आलेल्या कुटुंबात भाकरी-भात हळूहळू मागे पडतो. सकाळी पराठा, दुपारी पोळी, सायंकाळी बिस्किटे असा गहू दिवसभर पोटात जाऊ लागतो. बहुतेक मुलांना तो मानवतो. काहींना मात्र नाही.

हे वावडे प्रामुख्याने दोन प्रकारचे असते. अ‍ॅलर्जी असल्यास गहू खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. अशा मुलाचा गहू त्वरित थांबवून डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागल्यास किंवा मूल गळून गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रकार सीलिअ‍ॅक आजाराचा. तो पावलांचा आवाज न करता येतो. रेंगाळणारे जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची, लोहाची औषधे देऊनही न हटणारा रक्तक्षय ही त्याची लक्षणे. दिल्ली परिसरातील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९६ व्यक्तींमागे एकास तो आढळला.

या आजाराचा संशय येताच पालक गहू बंद करतात. त्यामुळे रक्ततपासणीत दोष उमटत नाही आणि निदान हुकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवावा.

निदान पक्के झाल्यावर रवा, मैदा, शेवया, जव, इतकेच नव्हे तर मैदा मिसळलेला बांधानी हिंगही आयुष्यभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी चालते. मात्र गिरणीत ती गव्हावर दळलेली नसावी. मागे पडलेली भाकरी अशा घरात पुन्हा मानाने ताटात येते.