नगरसेवक, सरपंच, जिल्हा परिषद सदस्यांचं मानधन ठरवतं कोण?

स्थानिक निवडणुका जवळ आल्या की मोहल्ल्याच्या कट्ट्यावर दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात. एक म्हणतो, "निवडून आले की आपला पगार आपणच वाढवून घेतात." दुसरा म्हणतो, "नगरसेवकाला मिळतं काय? चहापाण्याला पुरत नाही." दोघंही खात्रीने बोलतात. पण हे पैसे ठरवतो कोण, हे विचारलं की दोघंही गप्प होतात. हा प्रश्न वरवर कोरडा वाटतो. प्रत्यक्षात आपल्या भागातून उभं कोण राहू शकतं आणि निवडून आल्यावर त्याचे हात स्वच्छ राहतात की नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. म्हणून आपण तो नीट समजून घेऊ.

आमदार-खासदार वेगळे, नगरसेवक वेगळे

खासदारांचं वेतन संसद कायद्याने ठरवते, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ मध्ये आहे. आमदारांचं वेतन विधिमंडळ ठरवतं, ते अनुच्छेद १९५ मध्ये आहे. म्हणजे खासदार आणि आमदार यांचा मोबदला त्यांच्याच सभागृहात ठरतो. "आपला पगार आपणच वाढवतात" ही तक्रार तिथे लागू पडते.

स्थानिक स्वराज्य संस्थांची गोष्ट तशी नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली, पण त्यांच्या सदस्यांना किती पैसे द्यायचे, हे घटनेने सांगितलेलं नाही. स्थानिक शासन हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे. त्यामुळे निर्णय राज्याच्या हातात जातो.

महाराष्ट्रात त्यासाठी वेगवेगळे कायदे आहेत. गावासाठी ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी १९६१ चा अधिनियम. नगरपरिषद आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा. महापालिकांसाठी १९४९ चा आणि मुंबईसाठी खास १८८८ चा. मानधन किंवा भत्ता देता येईल की नाही आणि कोणाला, हे कायदा सांगतो. रक्कम किती, हे राज्य शासन ठरवतं. सभागृहाला फार तर ठराव करून मागणी करता येते. शासनाची मंजुरी आली नाही तर तो ठराव कागदावरच राहतो.

थोडक्यात, परवानगी विधिमंडळाची आणि आकडा मंत्रालयाचा. पैसे मात्र बहुतेक वेळा त्या संस्थेच्याच तिजोरीतून जातात, म्हणजे आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून.

आकडे काय सांगतात?

२०१७ मध्ये राज्य शासनाने नगरसेवकांचं मानधन वाढवलं. मुंबईच्या नगरसेवकाचं मानधन महिना १०,००० वरून २५,००० रुपये झालं. पुणे आणि नागपूरसारख्या 'अ' वर्गातल्या महापालिकांसाठी २०,००० रुपये, 'ब' वर्गासाठी १५,००० आणि 'क' व 'ड' वर्गासाठी १०,००० रुपये ठरले. मालेगाव आणि भिवंडी या महापालिका 'ड' वर्गातल्या. म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात दाटीवाटीने राहणाऱ्या हजारो लोकांचं गटार, पाणी, कचरा, दवाखाना पाहणाऱ्या नगरसेवकासाठी महिना १०,००० रुपये.

सरपंचांच्या बाबतीत सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला ३,००० चे ६,००० आणि उपसरपंचाला १,००० चे २,००० झाले. आठ हजारांपर्यंतच्या गावात सरपंचाला ८,००० आणि उपसरपंचाला ३,००० रुपये. त्याहून मोठ्या गावात हेच आकडे १०,००० आणि ४,००० आहेत. यातला मोठा हिस्सा शासन अनुदान म्हणून देतं, बाकी ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून घालावा लागतो. साध्या ग्रामपंचायत सदस्याला मात्र दरमहा मानधन नाही, फक्त सभेला हजर राहिल्याचा भत्ता.

जिल्हा परिषदेतही असंच आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि विषय समित्यांचे सभापती यांना मानधन आणि काही सोयी मिळतात. पंचायत समितीच्या सभापती-उपसभापतींनाही मानधन असतं. पण साध्या सदस्याच्या वाट्याला सभेचा आणि प्रवासाचा भत्ता येतो. माजी आमदाराला निवृत्तिवेतन आहे, तसं माजी नगरसेवकाला किंवा माजी सरपंचाला नाही.

२०२४ च्या निर्णयाची वेळही ध्यानात घेण्यासारखी आहे. सप्टेंबरमध्ये निर्णय झाला आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक. आकडा ठरवणं एकाच्या हातात आणि काम दुसऱ्याच्या खांद्यावर असलं की असं होतं. वाढ कधी द्यायची, हे गरजेपेक्षा राजकीय सोयीवर ठरण्याचा धोका राहतो.

मग ही पद्धत बरी की वाईट?

एका अंगाने बरीच आहे. सार्वजनिक तिजोरी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने स्वतःचा वाटा स्वतः ठरवू नये, हे तत्त्व आपल्याला नवं नाही. हजरत अबू बकर (रजि.) खलिफा झाल्यावर नेहमीप्रमाणे कापड घेऊन बाजाराकडे निघाले होते, असं इतिहासग्रंथांत येतं. घर चालवायचं तर व्यापार करायला हवा, हा त्यांचा साधा हिशोब. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना थांबवलं आणि बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चापुरती रक्कम ठरवून देण्यात आली. यात दोन गोष्टी आहेत. लोकांचं काम करणाऱ्याचं घर उपाशी राहू नये, ही एक. त्याची रक्कम त्याने स्वतः नव्हे, तर इतरांनी ठरवावी, ही दुसरी. मशिदीच्या कमिटीतही इमामसाहेब आपला पगार स्वतः लिहून घेत नाहीत.

आपल्या कायद्याने दुसरी गोष्ट पाळली आहे. अडचण पहिल्या गोष्टीची आहे.

महिना १०,००० रुपयांत पूर्ण वेळ वॉर्डात फिरणारा माणूस घर कसं चालवणार? ज्याचा कारखाना आहे, बांधकामाचा धंदा आहे किंवा घरात दुसरी कमाई आहे, त्याला फरक पडत नाही. पण लूमवर बसणारा, रिक्षा चालवणारा, शिवणकाम करणारी बाई यांनी उभं राहायचं तर रोजी सोडावी लागते. आपल्या वस्त्यांमध्ये बहुसंख्य लोक असेच हातावर पोट असणारे आहेत. त्यांचे प्रश्न माहीत असलेला माणूस सभागृहात पोचायला हवा असेल, तर मानधनाचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे. 'आमच्या पैशावर मजा' एवढ्यावर तो उडवून लावता येणार नाही.

महिलांच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मानधन निवडून आलेल्या बाईचं आहे, तिच्या पतीचं किंवा दिराचं नाही. ते तिच्या खात्यात जमा व्हावं आणि खर्चाचा निर्णयही तिचा असावा. सभेत बोलायचा अधिकार आणि हातात आलेला पैसा, दोन्ही मिळाले तर कारभार खऱ्या अर्थाने तिच्याकडे येतो.

लाभ आणि निधी यात गल्लत नको

आणखी एक गैरसमज सर्रास दिसतो. 'नगरसेवकाला एवढे लाख आले' असं लोक म्हणतात, तेव्हा बहुधा ते वॉर्डाच्या कामांसाठीच्या निधीबद्दल बोलत असतात. तो पैसा नगरसेवकाच्या खिशात जात नाही. नगरसेवक काम सुचवतो, अंदाजपत्रक आणि निविदा प्रशासन करतं, बिल ठेकेदाराला मिळतं. गैरव्यवहार झाला तर तो या वाटेवर कुठेतरी होतो. म्हणून प्रश्नही तिथेच विचारायला हवेत.

कायदाही इथे कडक आहे. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा थेट किंवा आडवाटेने हिस्सा असेल, तर कलम १४ नुसार त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. जकात वसुलीला पाठवलेल्या एका माणसाने परत येऊन काही वस्तू 'मला भेट मिळाल्या' म्हणून बाजूला ठेवल्या, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्याची जाहीर कानउघाडणी केली होती. तो घरी बसून राहिला असता तर या भेटी आल्या असत्या का, असा त्यांचा सवाल होता. पद आहे म्हणून आलेली भेट ही भेट नसते. मानधन कमी आहे, ही सबब इथे चालत नाही.

आपण काय करू शकतो?

मानधन वाढावं किंवा साध्या सदस्यालाही मिळावं असं वाटत असेल, तर नगरसेवकाशी किंवा सरपंचाशी भांडून उपयोग नाही. ही मागणी आमदाराकडे न्यायला हवी, कारण कायदा विधिमंडळाचा आणि आदेश नगरविकास किंवा ग्रामविकास विभागाचा. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या आमदाराला हा प्रश्न जरूर विचारावा.

कोणाला किती मानधन दिलं, कोणते भत्ते, कोणता दौरा, हे पाहायचं असेल तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. शासनाच्या आदेशात नसलेली रक्कम दिली गेली असेल, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो आणि वसुलीही होऊ शकते. गावात तर ग्रामसभेतच उभं राहून विचारता येतं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. त्या सभांना आपल्या वस्तीतली माणसं, विशेषतः बाया, किती जातात हे एकदा मोजून पाहावं.

लोकप्रतिनिधीचं पद ही अमानत आहे, असं आपण भाषणांत नेहमी म्हणतो. अमानत सांभाळणाऱ्याच्या घरची चूल पेटती राहावी, ही जबाबदारी समाजाची. त्याने अमानतीला हात लावू नये, ही त्याची. दोन्हींचा हिशोब उघड्यावर मागायची सवय लागली, तर कट्ट्यावरची ती दोन वाक्यं बोलण्याआधी माणूस थोडा विचार करेल.