पार्कोर म्हणजे नुसत्या उड्या नव्हेत, आधी शिकायचं असतं ते उतरणं

सुरत : रील बघून कठड्यावरून उडी मारणाऱ्या पोराला लिंबायत काय नि नंदुरबार काय, घरचे एकच सांगतात, ‘हातपाय मोडून घेशील!’ भीती खोटी नाही. पण रीलमधल्या त्या प्रकाराला पार्कोर म्हणतात आणि आता तो रीतसर खेळ आहे.

मूळ फ्रान्सचं. नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांनी धावणं, चढणं, उडी, तोल सांभाळणं यांवर व्यायामाची पद्धत बसवली. त्यातूनच सैनिकांच्या सरावाचे अडथळ्यांचे मार्ग आले. तो सराव करून रेमंड बेल पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेले. त्यांचा मुलगा डेव्हिड आणि त्याच्या मित्रांनी लिस या उपनगरातल्या भिंती-जिन्यांवर पार्कोर घडवला. इथून तिथं जायचं, झटपट आणि धडधाकट, एवढंच ध्येय. डेव्हिडचा मित्र सेबॅस्टियन फुकान याने त्यात गिरक्या-कोलांट्या, स्वतःची ढब आणली, ते फ्रीरनिंग. 2006 च्या ‘कसिनो रॉयल’मध्ये सुरुवातीलाच जेम्स बाँडला दमवणारा तो हाच.

सुरतेत ‘उडी’ हा शब्द हलका नाही. 24 मे 2019 ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली, क्लासच्या मुलांनी जीव वाचवायला वरून उड्या टाकल्या. 22 जण गेले. पार्कोर येत असता तर वाचले असते, असं कुणी म्हणू नये. तेवढ्या उंचीवर कुठलंच तंत्र चालत नाही. तिथं जिना आणि शिडीच लागते.

पार्कोरची सुरुवात फुटपाथच्या कडेवर होते. एका कडेवरून दुसरीवर उडी, दोन्ही पाय नेमके रेषेवर, आवाज न करता. धप्प आवाज आला म्हणजे धक्का गुडघ्यांनी खाल्ला. चवड्यावर उतरायचं, गुडघे वाकवायचे, लागलं तर हात जमिनीला टेकवायचे. उंची वाढली की लोळण. ती शाळेतल्या कोलांटउडीसारखी सरळ नसते. एका खांद्यावरून तिरकी विरुद्ध बाजूच्या कमरेकडे जाते. डोकं आणि पाठीचा कणा वाचतो, धक्का अंगभर वाटला जातो. ही लोळण गवतावर पक्की झाल्याशिवाय सिमेंटवर जायचं नाही. मल्लखांबावर घाम गाळलेल्या पोराला पकड आणि तोल आयताच मिळालेला असतो, तो इथं लवकर पुढे जातो.

डुमसच्या वाळूवर कोलांट्या मारणं त्यामानाने सोपं. वाळू चूक पोटात घालते, आणि तिथं आलेला आत्मविश्वास गच्चीवर घात करतो.

आईबापांचा पुढचा प्रश्न ठरलेला, ‘याचं पुढे काय?’ ब्रिटनने 2017 मध्ये पार्कोरला खेळ म्हणून मान्यता दिली. जागतिक जिम्नॅस्टिक्स महासंघाने तो आपल्यात घेतला आणि 2022 मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली; एक प्रकार वेगाचा, दुसरा कसरतींचा. ऑलिम्पिकमध्ये मात्र तो अजून आलेला नाही. खर्च म्हणाल तर चांगल्या पकडीचे बूट, बस. क्लास लावायचाच असेल तर जिम्नॅस्टिक्सची गादी आणि शिकवणारा माणूस असलेल्या ठिकाणी लावावा.

आणि सोसायटीत सराव करायचाच असेल तर भिंत कमरेएवढीच निवडावी, वरची वीट हलवून बघावी, पलीकडे काय आहे ते आधी चालत जाऊन पाहावं. वॉचमनला सांगावं, नाहीतर पहिली दुखापत त्याच्या काठीनेच व्हायची!