मुरगूडचा खटला आणि पडद्यावरचा घरलिलाव

कागल तालुक्यात वेदगंगेकाठी वसलेल्या मुरगूडचे नाव आज देशभरातील बँकांच्या वकिलांना पाठ आहे. विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक आणि तिचा एक कर्जदार यांच्यातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. कर्ज थकले की दिवाणी दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने बँकांना दिला. तो सहकारी बँकांनाही आहे का, हा प्रश्न होता. केंद्राने २००३ मध्ये अधिसूचना काढून तो त्यांना दिला होता. कर्जदारांचा आक्षेप असा की सहकार हा राज्यांचा विषय, तिथे संसदेचा कायदा कसा चालेल? न्या. अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी ५ मे २०२० रोजी निकाल दिला: संस्था सहकारी असली तरी करते ते काम बँकिंगचे, आणि दिलेले कर्ज वसूल करणे हा बँकिंगचाच भाग. गल्लोगल्ली सहकारी बँकांच्या पाट्या असलेल्या कोल्हापूरला या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

या कायद्यातली खरी नवलाची गोष्ट म्हणजे विकणारा कोण, ही. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या राज्यात थकीत कर्जाचे घर आधी न्यायालयाच्या निवाड्याने विक्रीस निघते, मग काउंटीचा क्लार्क त्याचा संकेतस्थळावर लिलाव पुकारतो. आपल्याकडे बँकेचाच ‘प्राधिकृत अधिकारी’ नोटीस काढतो, ताबा घेतो आणि विकतोही. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग ६० दिवसांची मागणी नोटीस. तरीही भरणा झाला नाही तर दारावर ताबा नोटीस चिकटते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत येते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावेच लागते. आपण ज्या पानावरून नजर न थांबवता पुढे जातो, ते बारीक टायपाचे पान म्हणजे हेच. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणून लिलावाच्या यादीत फ्लॅट, बंगले, गाळे आणि बिगरशेती प्लॉट दिसतात, उसाचे रान दिसत नाही.

बोली आता पडद्यावर लागते. सरकारी बँकांच्या मिळकतींसाठी ‘बँकनेट’ हे सामाईक संकेतस्थळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. त्याआधी ‘आयबापी’ होते. केवायसी करून अनामत भरायची, बहुधा राखीव किमतीच्या दहा टक्के. ठरल्या दिवशी ठरल्या पटीने बोली वाढवायची. शेवटच्या काही मिनिटांत नवी बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे घड्याळाकडे बघत दबा धरून बसणाऱ्याचा फारसा फायदा होत नाही. बोली जिंकली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, अनामतीसह, पंचवीस टक्के भरायचे. उरलेले पंच्याहत्तर टक्के पंधरा दिवसांत. मुदतवाढ लेखी संमतीने आणि तीही तीन महिन्यांपलीकडे नाही. गृहकर्जाच्या भरवशावर बोली लावून मंजुरी वेळेत न आल्यास भरलेली रक्कम जप्त होते. असे पंचवीस टक्के पूर्ण जप्त करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यात व्यापारी रवा फोडून बघतो, चाखतो आणि मग बोलतो. घराच्या ई-लिलावात जाहिरातच सांगते की मिळकत ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विकली जाईल. हे शब्द शोभेचे नाहीत. जुन्या मालकाची वीजबिलाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात ठरवले. घरफाळा आणि सोसायटीची देणी यांची चौकशीही खरेदीदारानेच करायची. माझ्या मते हा लिलाव संगणकापेक्षा सिटी सर्व्हे कार्यालयातच जिंकला किंवा हरला जातो: मिळकत पत्रिकेवर आणखी कुणाचा बोजा आहे का, तीस वर्षांचा शोध अहवाल काय म्हणतो, महापालिकेच्या मंजूर नकाशात वरचा मजला आहे का.

त्याहून अवघड प्रश्न ताब्याचा. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ लिहिले असेल तर घरात अजून माणसे राहत आहेत, असे समजावे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. आदेश झाला की महसूलचे लोक पोलीस बंदोबस्तात येऊन कुलूप काढतात. कायद्यात या आदेशाला तीस दिवस, कारणे नोंदवून साठ दिवस आहेत. पण घरात गहाणाआधीपासूनचा खरा भाडेकरू असेल, तर त्याला भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळू शकते. हे २०१६ च्या ज्या निकालात ठरले, तो वाद महाराष्ट्रातलाच होता. शहरातल्या जुन्या पेठांत हे विसरून चालत नाही. कर्जदाराची दाद मात्र पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात. कोल्हापूर जिल्हा त्याच्याच अखत्यारीत येतो. उच्च न्यायालयात जायचे झाले तर मुंबई गाठायची गरज उरलेली नाही, कारण ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.

कर्जदाराला घर सोडवायची संधी पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच संपते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. विक्रीतून कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाऊन काही उरले तर ते त्याचेच.

पतसंस्थांचे लिलाव वेगळे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे मुरगूडच्या निकालाचा तिला उपयोग नाही. तिला १९६० च्या सहकार कायद्यातले कलम १०१ चे वसुली प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती करावी लागते. इथे बोली जिंकणारा जागेवर पंधरा टक्के भरतो. पण घराच्या मूळ मालकाने तीस दिवसांच्या आत सारी थकबाकी आणि वर खरेदीदारासाठी विक्रीच्या रकमेच्या पाच टक्के भरून अर्ज केला, तर लिलाव रद्द होतो. खरेदीदाराला आपले पैसे आणि ते पाच टक्के मिळतात, घर मालकाकडेच राहते.