पापडाचा धंदा एका उन्हाळ्यापुरता नको

सख्यांनो, उन्हाळा लागला की आपल्याकडे अंगणाअंगणात खाटेवर, लुगड्यावर पापड, कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या वाळत असतात. बऱ्याच गटांनी याचाच धंदा केला. पहिल्या वर्षी अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या प्रदर्शनात स्टॉल लागतो, माल हातोहात जातो. दुसऱ्या वर्षी अर्ध्याच बाया उरतात. तिसऱ्या वर्षी पोळपाट-बेलणे पुन्हा घरच्यापुरतेच. हात तेच, चव तीच, मग बिनसते कुठे?

लिज्जत पापड तुम्ही खाल्लाच असेल. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायांनी तो सुरू केला. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला दिली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, पण ते फार पुढचे. आपल्या कामाचे आहे ते सुरुवातीचेच.

त्यांनाही एक चांगला आणि एक स्वस्तातला, असे दोन पापड काढावेसे वाटले होते. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबापा पारेख यांनी सांगितले की माल एकच ठेवा, चांगलाच ठेवा. तुटलेले पापड त्या शेजारीपाजारी वाटून टाकत, पाकिटात घालत नसत. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. आपल्याकडे मृग लागला की धंदा गुंडाळतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात परत येत नाही.

तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. (आपल्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, अनुदान किती भेटते? भेटले तर जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर धंदा मांडू नका.)

आता हिशोबाचे बोलू, कारण खरी गळती इथेच आहे. समजा, पाच किलो मुगाच्या पापडाला डाळ, दळण, मसाला, तेल, पिशव्या धरून ९०० रुपये लागले. दोघी दिवसभर लाटत बसल्या. २४० रुपये किलोने १,२०० आले. तुम्ही म्हणाल, ३०० रुपये नफा झाला. पण ताई, दोघींची मजुरी कोणी धरली? त्याच दिवशी निंदायला गेल्या असत्या तर दोघी मिळून याहून जास्त घरी आणले असते. म्हणजे हा धंदा तोट्याचा आहे आणि आपल्याला ते माहीतच नाही! आधी मजुरी धरा, मग भाव ठरवा. लिज्जतमध्ये बाई घरून पापड लाटून आणते, तपासून देते आणि लाटणीचे पैसे घेऊन जाते. नफ्यातोट्याची वाटणी पुढची.

दुसरी गळती उधारीची. “आपलीच वहिनी हाये, तिले काय पैसे मांगाव?” अशा चार वहिन्या झाल्या की पुढच्या डाळीला पैसा राहात नाही, आणि मग गटाच्या कर्जाचा हप्ता थकतो. वहिनीला एक पापड चाखायला द्या, किलोचे पैसे मात्र रोख घ्या.

दशसूत्रीतले लेखे आपण बचतीपुरते लिहितो. धंद्याची वही वेगळी ठेवा. घरचे मीठ-तेल वापरले तरी त्यात लिहा.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या दुकानात माल ठेवायचा असेल तर पाकिटावर अन्न नोंदणीचा १४ अंकी नंबर लागतो. ही नोंदणी ऑनलाइन होते. ज्या गटांची अजून व्हायची आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत तो विषय घ्यावा, म्हणजे पापड लाटायला बसण्याआधी नंबर हाती येईल.